नाव घातलेली मोटार

"आदी ते खोड," रंभाबाई म्हणाली. "परक्याच्या नावावर माजं नाव नको. सपाट कर, मंग घाल."

पंढरी कासार मोटारीच्या उघड्या दाराशी उकिडवा बसला होता. गेली वीस वर्षं तो पालघरहून सायकलवर येऊन केळव्याच्या घराघरांतल्या हंड्या-कळशांवर नावं घालत होता. पण मोटारीवर नाव घालायला त्याला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. दाराच्या दोन बिजागऱ्यांच्या मधोमध, खांबाला रिबिटांनी बसवलेली बोटभर रुंदीची एक पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर इंग्रजी अक्षरं उमटवलेली होती. पंढरीने त्यांच्यावरून अंगठा फिरवला.

"काकी, ह्ये नावच हाय ना? आकडे पन दिसतात हो."

"मंग? तू माज्या हंड्यावर साल नाय घालत? तसंच त्या अरबानं घातलं आसंल. ज्याच्याकडून भगवंतानं गाडी घेतली त्याचं नाव, न् घेतली ते साल. त्याची होती तवर त्याचं नाव. आता माज्या पोराची हाय."

"भगवंतदादाला इच्यारलं का?"

"पंढरी, तुला नाव घालायला बोलावलंय. नावं ठेवायला नाय."

मागे उषा हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. सासूपुढे ती बेताबेतानेच बोले. "आई, ते आंघोळ करून येतीलच. एकदा विचारूया का?"

रंभाबाईने मान वळवली. "तू चार यत्ता शिकलीस ना? मंग वाच, काय लिवलंय."

"मला इंग्रजी नाय येत."

"मंग गप उभी ऱ्हा. मला मराठी पन येत नाय, पन माजं कुठलं न् परक्याचं कुठलं येवडं वाचता येतं."

हे मात्र खरं होतं. ते वाचायला ती एका दिवसात शिकली होती, आणि त्या दिवसाची फी तिने भरपूर भरली होती.

नवरा धर्माजी गेला तेव्हा भगवंत नऊ वर्षांचा होता. तेरावा उरकला आणि चौदाव्या दिवशी सकाळी थोरला दीर आनंदा चार पंचांना घेऊन अंगणात उभा राहिला. घरातलं एकेक भांडं बाहेर आणून पालथं घातलं गेलं. ज्याचं नाव त्याचं भांडं, असा पंचांनी न्याय केला. मोठा हंडा, घंगाळ, परात, सगळ्यांवर सासऱ्याचं नाव. ती भांडी थोरल्या मुलाकडे गेली, त्याबद्दल रंभाबाईचं काही म्हणणं नव्हतं. पण दोन कळशा आणि एक तपेली तिने स्वतःच्या पैशांनी घेतली होती. वाडीतली विड्याची पानं डोक्यावरून पालघरच्या बाजारात नेऊन विकली होती, तेव्हा कुठे ती भांडी आली होती. त्यांच्यावर नावच नव्हतं. नवरा जिवंत असताना बायकोचं नाव कोण घालतं? बिननावाचं ते घराचं, आणि घर थोरल्याचं. आनंदाने कळशा उचलल्या तेव्हा रंभाबाई चुलीपुढे बसून होती. ती रडली नाही. तिने फक्त लक्षात ठेवलं.

मग वाट्याला आलेली वाडी ती कसायला लागली, पानवेली लावल्या, सुपारी लावली, पोराला वाढवलं. आणि जी वस्तू उंबऱ्याच्या आत आली तिच्यावर पहिल्या दिवशी नाव पडलं: रं ध चुरी केळवे. हंड्यावर, पळीवर, कुदळीच्या पात्यावर, विहिरीच्या बादलीवरसुद्धा. सात अक्षरं. ती सात अक्षरं तिने पंढरीकडून जमिनीवर गिरवून घेतली होती, आणि जगातलं तेवढंच तिला लिहिता येत होतं. गावातल्या बायका मागून हसत. म्हणत, रंभाबाईच्या हाती देव लागला तर त्याच्या पाठीवरही नाव घालेल. रंभाबाईच्या कानावर ते आलं तेव्हा ती म्हणाली, "घालीन. देवळातले देव चोरीला जातात, माजा जायचा नाय."

मोटार तर देवापेक्षा मोठी होती. समुद्राच्या रंगाची, लांबलचक, मागे अख्खी खोली असल्यासारखी. तिच्या गाद्यांखालून अजूनही कुवेतची रेती निघे, केळव्याच्या रेतीपेक्षा बारीक, पिवळी. भगवंत बारा वर्षं कुवेतला तेलाच्या कंपनीत मोटार दुरुस्तीच्या कामावर होता. बारा वर्षांत तीनदा घरी आला. आठ वर्षांची सुलू, त्याची मुलगी, त्याला 'बाबा' म्हणत नसे. आईला विचारायची, "ते कधी जाणार?" या खेपेला तो आला तो बाडबिस्तरा आवरून, कायमचा, आणि येताना कायमचं परतणाऱ्याला आणू देतात तशी ही मोटार बोटीतून घेऊन आला. मुंबईच्या धक्क्यावर ती चार महिने अडकली. कागद, जकात, पुन्हा कागद. साठवलेलं बहुतेक सगळं त्या जकातीत गेलं.

पण त्याचा हिशेब पक्का होता. तारापूरला अणुविजेच्या कारखान्याचं बांधकाम जोरात चाललं होतं. मुंबईहून येणाऱ्या साहेबलोकांची बोईसर स्टेशनापासून कामापर्यंत ने-आण करायला ठेकेदाराला मोठी गाडी हवी होती. तो म्हणाला होता, एक फेब्रुवारीच्या आत गाडी पास करून आण, काम तुझं. भगवंत आईला म्हणाला होता, "हे काम लागलं ना आये, तर मी परत जायचा नाय. आन् नाय लागलं, तर मग इथं राहून खायचं काय?"

दुसरं वाक्य रंभाबाईने ऐकलंच नव्हतं. पहिलं मात्र ती रोज देवापुढे बसून आठवत होती.

आणि आज गाडी पास करून घ्यायचा दिवस होता. महिन्यातून एकदा मोटारी तपासणारे साहेब ठाण्याहून पालघरला येत, आणि कचेरीमागच्या मैदानात गाड्यांची रांग लागे. अशा दिवशी गाडी परक्याच्या नावाने साहेबापुढे उभी करायची? साहेब काय म्हणेल? म्हणेल, गाडी तुझी कशावरून?

पंढरीने कानशीने पट्टी घासली. इंग्रजी अक्षरं आधी पुसट झाली, मग पांढरी, मग नाहीशी. छिन्नी-हातोडीचे टक्‌टक् आवाज आले. सात अक्षरं उमटली. रंभाबाईने त्यांच्यावर हळदीकुंकवाचा जाड लेप दिला, तांदूळ चिकटवले, आणि पंढरीला नारळ देऊन वाटेला लावलं.

भगवंत ओल्या केसांनी आला. दार उघडताना लेप दिसला तसा हसला. "पूजा केलीस?"

"केली. आता कुनाची नजर लागायची नाय."

उषा काहीतरी बोलणार होती. सासूने तिच्याकडे बघितलं आणि ती तबक घेऊन आत गेली.

*

मैदानात आठ-दहा गाड्या उभ्या होत्या. दोन ट्रक, एक जुनी बस, तारापूरच्या प्रकल्पाची एक जीप. जीपचा ड्रायव्हर साताऱ्याकडचा होता, शिवाजी नावाचा. झेंडूच्या माळा घातलेली ती लांबलचक मोटार आणि मागे पाय पसरून बसलेली रंभाबाई बघून तो म्हणाला, "काय वं आजी, गाडीचं लगीन हाय जनू?"

"व्हय," रंभाबाई म्हणाली. "तुज्या जीपला सांगून आलंय का बग कुटं. एक डोळा फुटलेला दिसतोय तिचा."

जीपचा एक दिवा खरंच फुटला होता. रांगेतले सगळे हसले, शिवाजी सगळ्यांत जास्त.

साहेब तरुण होते. किडकिडीत, चष्मा लावलेले, कमी बोलणारे. कुणाच्या हातचा चहा घेत नव्हते, हे रंभाबाईने लांबूनच टिपलं आणि तिला बरं वाटलं. खाणारा असता तर त्याने खुसपट काढलं असतं; हा सरळ दिसतो, सरळ माणसाला आपल्या पोराचं काम कळेल.

आणि कळलं. साहेब गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "डाव्या हाताचं स्टिअरिंग आहे. हात दाखवायची सोय लागते, माहीत आहे ना?"

भगवंतने आत बसून एक तार ओढली. उजव्या बाजूने पत्र्याचा तांबडा बाण टणकन बाहेर आला. दुसरी तार ओढली, तो आत गेला. मागच्या काचेखाली, गाडी डाव्या हाताची आहे असं पांढऱ्या रंगात ठळक लिहिलेलं होतं.

"तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात," भगवंत म्हणाला. "हेडलाइटचा झोत त्या बाजूला पडतो. इथं तो समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. म्हणून काचा बदलल्या."

साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, खाली वाकून नळी बघितली. "स्वतः केलंत?"

"हो, साहेब."

"चोख आहे."

रंभाबाईने पदर सावरला आणि रांगेकडे एकदा बघून घेतलं, सगळ्यांनी ऐकलं की नाही ते. हातात नारळ होता, दुसऱ्या हातात पाण्याचा पितळी तांब्या. आता शिक्का पडला की नारळ फोडायचा.

"आता फक्त चासीचा नंबर जुळवू," साहेब म्हणाले. त्यांनी जकातीचा कागद उलगडला, दार पूर्ण उघडलं आणि खिशातल्या रुमालाने हळदीकुंकवाचा लेप पुसला.

पुसून झाल्यावर ते तसेच थांबले. मग रुमालाची दुसरी बाजू घेऊन पुन्हा पुसलं.

"हे काय आहे?"

भगवंत वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"चुरी, नंबर कुणी खोडला?"

भगवंत सरळ झाला. त्याने एकदाच आईकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. पोरगं विहिरीत डोकावून किती खोल आहे ते बघतं, तसं बघितलं. मग म्हणाला, "माझ्याकडून झालं, साहेब."

"तुमच्याकडून? बारा वर्षं मोटारींचं काम केलेला माणूस चासीचा नंबर घासून काढतो?" साहेबांचा आवाज चढला नव्हता, पण रांगेतली कुजबूज थांबली. "नंबर घासलेली गाडी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. चोरीच्या गाड्यांचे नंबर असे घासतात. मला पोलिसांत कळवावं लागेल."

रंभाबाई पुढे झाली. "काय झालं ओ? माजं नाव हाय ते. केळव्याची रंभाबाई चुरी मी."

"आजीबाई, जरा बाजूला व्हा."

"बाजूला कशाला? त्या अरबाचं नाव खोडलं न् माजं घातलं. गाडी आमची झाली म्हणून तर घातलं. चोरीची आसती तर नाव घातलं आसतं का?"

"अरबाचं नाव?" साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, ते कुणाचं नाव नव्हतं. ते गाडीचंच नाव होतं. अशा हजारो गाड्या आहेत. कागदातली गाडी म्हणजे हीच गाडी, एवढं सांगणारा तो एकच आकडा होता."

रंभाबाईला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिने हातातला नारळ न बघताच मोटारीच्या टपावर ठेवला. तो घरंगळून पलीकडे पडला.

"मी केलं," ती म्हणाली. "माज्या पोराला ठाव पन नव्हतं. तो आंगोळीला गेला होता."

"आये, तू गप ऱ्हा."

"तू गप ऱ्हा. खोटं बोलायला मी शिकवलं का तुला?"

साहेबांनी मान हलवली. "मुलाला वाचवायला आई काहीही सांगते, आजीबाई. मी ते लिहून घेऊ शकत नाही."

"मंग पंढरीला बोलवा. बाजारात दुकान हाय त्याचं. त्यानं घातलंय."

शिवाजी जीप घेऊन गेला आणि पंढरीला घेऊन आला. पंढरीने चष्मेवाले साहेब बघितले, उघडं दार बघितलं, कागद बघितले, आणि हात जोडून म्हणाला, "मी न्हाय हो साहेब. मी भांडीवाला मानूस. मोटारीशी माजा काय संबंद?"

भगवंतने डोळे मिटले.

रंभाबाईने एरवी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज तिने तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतलं, तांब्या पालथा केला आणि साहेबांपुढे धरला.

"ह्या तांब्यावर यानं चार वर्सांमागं नाव घातलं. बगा. मला वाचता येत नाय, पन ही अक्षरं मी रोज घासते. हे बगा, शेवटून दुसरं. दोन वेटोळी हायत त्याला. एक मोठं न् एक बारीक, चिमटल्यागत. याच्या बापानं याला तसंच शिकवलं, न् याला आजून सुदारता आलं नाय. आता गाडीवरचं बगा."

साहेब खाली बसले. तांब्या पट्टीशेजारी धरला. बराच वेळ बघितलं. मग पंढरीकडे बघितलं.

पंढरीने जोडलेले हात सोडले. "काकीनं सांगितलं म्हनून केलं हो. मी इच्यारलं पन होतं."

"व्हय, इच्यारलं होतंस," रंभाबाई म्हणाली. "सुनेनं पन इच्यारलं होतं. मीच आयकलं नाय."

असं वाक्य तिने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. भगवंत तिच्याकडे बघू लागला, पण ती त्याच्याकडे बघेना.

साहेबांनी कचेरीतून टेबल आणवलं आणि जबाब लिहायला घेतला. लिहून झाल्यावर वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, की मी अडाणी आणि निरक्षर असून, सदर कृत्य माझ्या हातून अज्ञानामुळे घडले आहे.

"निरक्षर नाय लिवायचं," रंभाबाई म्हणाली.

"मग काय लिहू? समजून उमजून केलं, असं लिहू? तर मुलगा अडकेल."

मैदानातली सगळी माणसं ऐकत होती. ट्रकवाले, बसवाले, तो साताऱ्याचा, पंढरीसुद्धा. दिराने कळशा उचलल्या तेव्हाही अशीच माणसं उभी होती. पण तेव्हा तिला तोंड उघडावं लागलं नव्हतं.

"लिवा," ती म्हणाली. "अडानी लिवा. दोनदा लिवा."

साहेबांनी शाईचा पॅड पुढे केला.

"अंगठा नाय," रंभाबाई म्हणाली. "सही करीन."

तिने टाक हातात घेतला आणि सात अक्षरं काढली. छिन्नीने घालावीत तशी, एकेक थांबून, दाबून. कागद दोन ठिकाणी फाटला. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.

*

साहेबांनी पोलिसांत कळवलं नाही. पण गाडी पासही केली नाही; त्यांना करता येत नव्हती. आज सरळ घरी न्या, म्हणाले, आणि नंबर सिद्ध होईपर्यंत रस्त्यावर आणू नका.

परतीच्या वाटेवर भगवंतने नजर रस्त्यावरच ठेवली. वाटेतलं माहीम गाव आलं, गेलं. मागच्या गाद्यांवर एकटी बसलेली रंभाबाई अखेर म्हणाली, "एक शिवी तरी दे रे."

"तुझ्यावर ऊन येतंय," भगवंत म्हणाला. "पलीकडं सरकून बस."

दुसऱ्या दिवसापासून तो गाडीखाली. चासीच्या लोखंडावर तोच नंबर आणखी एका जागी कोरलेला असतो, पण बॉडीच्या खाली, जिथे बोट जेमतेम जातं तिथे. नारळाच्या झापांच्या मांडवात मोटार ओंडक्यांवर चढवून तो दिवस दिवस उताणा पडून राही. तारेच्या ब्रशाने गंज काढी, रॉकेलचा बोळा फिरवी, आरशाचा तुकडा धरून वाची. रंभाबाई जेवायला हाक मारायला जाई आणि मांडवाशी उभी राहून त्याचे नुसते पाय बघून परत येई. आठव्या दिवशी तो बाहेर आला. नंबर सापडला होता. पण शेवटचे तीन आकडे खाऱ्या वाऱ्याने आणि तिकडच्या रेतीने खाल्ले होते.

"आता?" उषाने विचारलं.

"कुवेतला ज्यानं गाडी पहिल्यांदा विकली, त्या दुकानाच्या वहीत नंबर असेल. तिथून दाखला आणायचा."

"पत्र पाठवा."

"पाठवलं."

एक तारखेला बोईसर स्टेशनाबाहेर दुसऱ्या कुणाची तरी गाडी उभी राहिली. शिवाजीनेच येऊन सांगितलं. तो त्या दिवसानंतर अधूनमधून केळव्याला येऊ लागला होता. मोटार नुसती उभी राहून बिघडू नये म्हणून भगवंतबरोबर इंजिन चालू करून बघे आणि डाव्या हाताचं स्टिअरिंग कसं धरायचं ते वाडीतल्या वाडीत शिके. त्याने पडेल आवाजात सांगितलं आणि भगवंतने मान हलवली, जणू रेडिओवरचं हवामान ऐकलं.

मार्च उजाडला तरी पत्राला उत्तर नव्हतं. एका सकाळी भगवंत चहा पिताना म्हणाला, "मी जाऊन येतो. समोर उभं राहिल्याशिवाय वही उघडायची नाय ते लोक. दाखला घेतो आन् येतो."

"किती दिवस?" रंभाबाईने विचारलं.

"बघू."

सुलू त्याच आठवड्यात त्याला 'बाबा' म्हणायला लागली होती. गाडीखालून रेती गोळा करता करता कधीतरी म्हणाली, आणि मग म्हणतच राहिली. त्या सकाळी तिने विचारलं, "बाबा, मी येऊ?" भगवंत कप ठेवून मागल्या दारी गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

रंभाबाईने त्याच्यासाठी सुपारी कातरून दिली, कोकम दिलं, सुके बोंबील कागदात बांधून दिले. वाकून नमस्कार करताना तो म्हणाला, "आये, मनात ठेवू नको काय."

त्याऐवजी त्याने मनात ठेवलं असतं तर बरं होतं, असं तिला वाटलं. रागावलेला माणूस भांडायला तरी परत येतो.

दाखला ऑगस्टात आला. जाड पाकिटात, तिकिटांवर अरबी शिक्के. कागद आला, भगवंत आला नाही. सोबतचं पत्र उषाने ओसरीवर बसून वाचलं. कंपनीने पुन्हा घेतलंय, तीन वर्षांचा करार केलाय, पगार आधीपेक्षा बरा आहे. बोईसरचं काम तर आता गेलंच, मग तिथं येऊन काय करू. गाडी पास करून घ्या, शिवाजी चालवेल, चार पैसे सुटतील. आईला सांग, दाखला मिळाला, आता काळजी नाही.

"पुना वाच," रंभाबाई म्हणाली.

उषाने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाच असं सासू म्हणाली नाही. उषाही कधी म्हणाली नाही, की मी तुम्हाला सांगितलं होतं. या बाईला बोलता येत नाही असं रंभाबाई इतकी वर्षं समजत होती. आता तिच्या लक्षात आलं, की उषाला न बोलणंही येतं.

*

दिवाळी झाल्यावर मोटार पुन्हा पालघरच्या मैदानात उभी राहिली. माळा नव्हत्या. साहेब तेच होते. त्यांनी दाखला वाचला, जकातीचा कागद वाचला, भिंग घेऊन गाडीखालचे उरलेले आकडे वाचले. मग बरोबरच्या माणसाला सांगून चासीच्या पुढच्या भागावर, चटकन दिसेल अशा जागी, नंबर नव्याने ठोकून घेतला. हातोडीचा एकेक घाव पडत होता तसा रंभाबाई डोळा न लववता बघत होती.

"ती पट्टी काढू का, साहेब?" शिवाजीने विचारलं.

"राहू द्या. तिचा आता कागदाशी संबंध नाही." साहेबांनी शिक्का मारला. मग इकडेतिकडे बघितलं. "चुरी कुठं आहेत?"

"कुवेतला," रंभाबाई म्हणाली.

साहेबांनी कागदांची घडी घालून ती तिच्याच हातात दिली. "आजीबाई, गाडी आता पूर्ण कायदेशीर झाली."

"व्हय," रंभाबाई म्हणाली. "गाडी झाली."

परत निघताना शिवाजीने नेहमीसारखं मागचं दार उघडलं नाही. मागे गाद्यांवर त्याने बाजारातून घेतलेले दोन टायर आणि तेलाचे डबे टाकले होते. "आजी, आज म्होरं बसा."

ती पुढे बसली. भगवंतच्या गाडीत ती पुढे कधी बसली नव्हती. शिवाजी डावीकडे, स्टिअरिंगमागे. ती उजवीकडे, रस्त्याच्या मधल्या अंगाला. मोठी काच आणि समोर सगळा रस्ता. माहीमच्या नाक्यावर पानाच्या करंड्या घेऊन बसलेल्या बायकांनी बघितलं आणि एकीने हाळी दिली, "अगो बाय! रंभाबाय गाडी चालवते!"

एरवी तिने गाडी थांबवून उत्तर दिलं असतं. आज तिने ऐकलं आणि समोर बघत राहिली.

नाका मागे पडला. पुढे रस्ता अरुंद होता, दोन्हीकडे सुपारीच्या वाड्या. वळणावरून एसटी समोर आली. एसटीच्या ड्रायव्हरने बघितलं: ज्या जागी चालवणारा बसायचा त्या जागी एक पांढऱ्या केसांची बाई बसली आहे, हात मांडीवर घेऊन, आणि गाडी त्याच्या अंगावर येते आहे. त्याने भोंगा दाबून धरला आणि बस कचकन कुंपणाला नेऊन घासली. गाडी बाजूने निघून गेली तरी तो खिडकीतून मान काढून बघतच होता.

शिवाजी खदखदून हसला. "भ्यालं बेनं! त्याला वाटलं, गाडी आपली आपनच चाललीया!"

रंभाबाई हसली नाही. पुढच्या वळणाअलीकडे तिने मांडीवरचे दोन्ही हात उचलले आणि समोरच्या फळीवर ठेवले, बोटं जरा वळवून. म्हणजे समोरून कुणी आलं तर त्याला वाटावं, की गाडी कुणीतरी धरली आहे.